‘रूट हायजॅक’ला मराठीत काय म्हणायचं?

जालनेकर: नेटवर्क सुरक्षेवर मराठीतून शिकवायचंय. रूट हायजॅक म्हणजे इंटरनेटवरची माहिती भलत्याच नेटवर्ककडं वळणं. ‘मार्ग-अपहरण’ म्हटलं की पोरांना विमान आठवतं. दुसरा शब्द सुचवा.

परभणीकर: वाटमारी! घरचा शब्द सोडून काय शोधायलेत मॅडम?

लातूरकर: वाटमारीत लुटलेल्याला कळतं तरी. इथं माहितीचं पॅकेट मुकाट दुसऱ्याच्या दारात जातं. चकवा म्हणा. आमची आजी चकवा लागून रात्रभर एकाच बांधाला फेऱ्या घालत होती, घर हाकेवर असून.

नांदेडकर: नेटवर्कवरच पोट आहे म्हणून बोलतो. दोन्ही शब्द वाटसरूकडून बघतात, फसतो तो वाट सांगणारा. बीजीपीत, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना वाट सांगतात त्या पद्धतीत, प्रत्येक नेटवर्क शेजाऱ्याला सांगतं, ‘हे इंटरनेट पत्ते माझ्याकडं आहेत’. शेजारी ते पुढं सांगतो. ही दवंडी झाली. हलगी तुझ्या हातात कोणी दिली, असं मुळात कोणी विचारतच नाही. २४ फेब्रुवारी २००८ला पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब फक्त देशात बंद करायचं होतं. यूट्यूबची दवंडी १,०२४ पत्त्यांची, यांनी त्यातल्याच २५६ची पिटली. वाट निवडणारा राउटर जास्त नेमकी, म्हणजे कमी पत्त्यांची दवंडी धरतो. ती हाँगकाँगच्या कंपनीमार्फत बाहेर गेली आणि जगभर सुमारे दोन तास यूट्यूबचे वांधे. म्हणून ‘खोटी दवंडी’. मुद्दाम असो की चुकून, शब्द चालतो.

जालनेकर: झकास. मग आरपीकेआयमधलं, म्हणजे पत्त्यांचा हक्क डिजिटल सहीनं पडताळायच्या व्यवस्थेतलं, आरओए?

नांदेडकर: सातबारा. हे पत्ते कोणत्या नेटवर्कनं जाहीर करायचे ते सहीनिशी लिहिलेलं असतं. शिवाय किती बारीक तुकड्यापर्यंत जाहीर करता येतील तेही. म्हणजे तुकडेबंदीसुद्धा आलीच! राउटरनं सातबारा बघून दवंडी नाकारली, की २००८सारखं होत नाही.

लातूरकर: पण सातबाऱ्यावर मालक कळतो, वाट नाही. एखाद्यानं वाटेच्या शेवटी मालकाचं खरं नाव लावून ‘माझ्या शेतातून या’ म्हटलं तर?

नांदेडकर: सुटला की तो! त्यासाठी बीजीपीसेक आहे, २०१७चं मानक. त्यात प्रत्येक टप्प्यावर सही लागते. पण वापर नावालाच. राउटरवर बोजा पडतो, आणि मधल्या एकानं केलं नाही की साखळी तुटते. पांदणीचं तेच असतं ना, एकानं बांध घातला की सगळ्यांची बैलगाडी अडली.

परभणीकर: वाटमारी मागं घेतली. पण क्रियापद? ‘रूट हायजॅक झाला’ कसं म्हणणार?

नांदेडकर: ‘आमच्या पत्त्यांची खोटी दवंडी पिटली.’ लांब आहे, पण कोणी काय केलं ते कळतं.

जालनेकर: आज वर्गात विचारलं, दवंडी कोणाला माहीत आहे? तिघांनी हात वर केले. हलगी मात्र सगळ्यांना ठाऊक, गणपतीमुळं.