फिट येणाऱ्या मुलीचं लग्न: आधी सांगावं की नाही?

मेडिकलवाला (तासगाव तालुका)
माझं औषधाचं दुकान आहे. मुलाच्या फिटच्या गोळ्या न्यायला बाप उघडपणे येतो. मुलीच्या असल्या की दुकान रिकामं होईपर्यंत कडेला थांबतो. एका गृहस्थांनी तर माझ्यासमोर लेव्हेटिरॅसिटॅमच्या पट्ट्या फोडून एकेक गोळी कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरली. "सासरी कुणी विचारलं तर कॅल्शियम म्हणून सांगता येईल." लग्न तोंडावर आलं होतं.

माझं मत: सुपारी फुटायच्या आधी समोरच्यांना सांगावं. लग्नघरात हळद, वरात, पूजा, जागरण-गोंधळ, त्यात उपास. सलग तीन-चार रात्री धड झोप नाही. झोपमोड झाली की फिट येण्याची शक्यता वाढते आणि गोळी चुकली की आणखीच वाढते. लपवलेलं असलं की दोन्ही एकदमच होतं. नवरी बायकांत बसलेली, पर्स पाठराखणीकडे, ती गोळी घेणार कधी?

विट्याची आई
दादा, आम्ही आधी सांगून बघितलं. "पोरगी पसंत आहे" म्हणणारे लोक सांगितल्यावर फोन उचलेनात. पुढं गावभर झालं. धाकटीच्या स्थळाकडूनही विचारणा आली, "थोरलीला फेफरं येतंय म्हणे, खानदानात आहे का?" थोरलीला गोळ्या चालू झाल्यापासून कितीतरी दिवसांत फिट नाही. पोराला दारूचं व्यसन असलं तर कोण सांगायला येतं? सगळा खरेपणा मुलीच्या बापानंच का दाखवायचा? आता मी लग्न आधी करणार, सांगणं नंतर.

कृष्णाकाठ (सांगली)
ताईंशी सहमत. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये फिटचा उल्लेख होता, तो 1999 मध्ये काढून टाकला. कायद्यानं अडसर मानला नाही, तर आपण हातानं का उभा करायचा?

मेडिकलवाला
कायदा बदलला ते चांगलंच झालं. पण महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली, फसवणूक झाली म्हणून लग्न रद्द करून मागायची वाट त्याच कायद्यात आजही आहे. निकाल काहीही लागो, कोर्टाच्या खेपा मुलीच्या वाट्याला येतात.

मिरजेतली डॉक्टर
आधी "खानदाना"बद्दल. जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडणं, गाडीवरून पडून डोक्याला मार, मेंदूज्वर, पक्षाघात, गाठ, अशी फिटची कितीतरी कारणं आहेत. आपल्या भागात मेंदूतली जंताची गाठही दिसते. टेपवर्मची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, कच्च्या भाजीवर येतात, त्यामुळे माळकरी घरातही ती सापडते. अनुवंशिकता काही प्रकारांतच असते, आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांत कारण सापडतच नाही. नीट उपचार झाले तर 70 टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट पूर्ण थांबू शकतात.

विट्याच्या ताई, मुलीला कोणती गोळी चालू आहे? सोडियम व्हॅल्प्रोएट असेल तर लग्न ठरायच्या आधीच न्यूरॉलॉजिस्टना भेटा. गरोदरपणात त्या औषधानं बाळात व्यंग येण्याचा आणि त्याच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होण्याचा धोका असतो. शक्य असेल तर औषध बदलता येतं, पण त्याला वेळ लागतो. फॉलिक ॲसिडही दिवस राहण्याआधीपासून सुरू करायचं असतं. सासरी माहीतच नसेल तर हे सगळं ती कुणाला सांगून करणार? आणि काही झालं तरी गोळी मनानं बंद करू नका. एकदम थांबवली तर फिट लागोपाठ येत राहू शकते, त्यात जीवही जाऊ शकतो.

कोरेगावकर
पण या गोळ्या जन्मभर का घ्यायच्या? पोरं सुस्त होतात, अभ्यासात मागं पडतात. आमच्याकडं जुनी माणसं म्हणतात, लग्न झालं की फिट आपोआप जाते. आयुर्वेदही आहे की.

मिरजेतली डॉक्टर
लग्नानं फिट जात नाही. सुस्ती येते हे खरं. तसं झालं तर डोस किंवा औषध बदलून मागा, तो तुमचा हक्क आहे. जन्मभराचं म्हणाल तर दोन-तीन वर्षं फिट आली नाही की काहींच्या गोळ्या आम्ही हळूहळू कमी करून थांबवतो. वैद्यांकडे जायचं तर जा, पण चालू गोळी सोडून नको.

कराडची सासू
आमच्या सुनेचं तिच्या आईनं बैठकीआधी सांगितलं होतं. मी दोन दिवस घाबरले, मग तिच्या डॉक्टरांनाच जाऊन भेटले. जागरण-गोंधळ आम्ही दुपारी घालून संध्याकाळी आटोपला. पुढं एकदा स्वयंपाकघरात तिला फिट आली. शेजारीण चप्पल हुंगवायला धावली, दुसरी तोंडात चमचा घालत होती. दोघींना मागं सारून मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली चादर दिली, घड्याळ बघत बसले. पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखान्यात न्यायचं, हे मला माहीत होतं. दोन मिनिटांत थांबली. तिच्या आईनं लपवलं असतं तर त्या दिवशी मीच चप्पल आणली असती.

विट्याची आई
डॉक्टर, तिला व्हॅल्प्रोएटच चालू आहे. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सोमवारी फाईल घेऊन मिरजेला येते. कराडच्या ताई, तुमच्यासारखं घर मिळालं तर पहिल्या चहालाच सांगीन. पण सगळ्या गावाला ओरडून सांगणार नाही. मुलगा आणि त्याची आई, दोघांनाच, तेही पसंती झाल्यावर. धाकटीचं लग्न अजून व्हायचंय.