उपलब्ध दिसलेली जागा पैसे भरेपर्यंत प्रतीक्षा यादीत कशी जाते?

रत्नदुर्ग (प्रश्न)

रेल्वेचे तिकीट ऑनलाइन काढताना पुष्कळ जणांना येणाऱ्या दोन अनुभवांमागे यंत्रणा नेमकी कशी चालते, हे मला समजून घ्यायचे आहे. पहिला अनुभव असा की गणपतीच्या दिवसांत कोकणात जाणाऱ्या गाडीत दहा-बारा जागा उपलब्ध दिसतात, नावे भरून पैसे चुकते करण्यात दोन-तीन मिनिटे जातात, आणि हाती येणारे तिकीट मात्र वेटिंगचे असते. दुसरा अनुभव असा की एकाच गाडीत, एकाच वर्गात कोणाचे वेटिंग ४० कन्फर्म होते, तर कोणाचे वेटिंग ६ चार्ट लागल्यावरही तसेच राहते. यावर ‘सगळे आतून ठरलेले असते’ असे सर्रास बोलले जाते. ते मला पटत नाही, पण खोडून काढण्याइतकी माहिती माझ्यापाशी नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

विदागार

पहिल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की पैसे भरून होईपर्यंत रेल्वेची यंत्रणा तुमच्यासाठी कोणतीही जागा धरून ठेवत नाही.

आपण ज्या संकेतस्थळावर तिकीट काढतो ते आयआरसीटीसीचे असते, पण जागांचा हिशेब तिथे नसतो. तो प्रवासी आरक्षण प्रणालीत, म्हणजे पीआरएसमध्ये असतो आणि ती प्रणाली रेल्वेची ‘क्रिस’ ही संस्था सांभाळते. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी तिची पाच केंद्रे असून प्रत्येक गाडीचा हिशेब यांपैकी एकाच केंद्रात राहतो. तुम्ही पुण्याच्या खिडकीवर उभे असा, सावंतवाडीत मोबाइलवर असा किंवा एखाद्या एजंटाकडे बसलेले असा, मागणी शेवटी त्या गाडीच्या केंद्रापर्यंत जाते आणि बर्थ कोणाला द्यायचा हे तिथेच ठरते.

पडद्यावर दिसणारा आकडा हा तुम्ही विचारणा केली त्या क्षणाचा असतो. त्यानंतर तुम्ही नावे, वये आणि पैशांचा तपशील भरत असता, तेव्हा देशभरातून त्याच गाडीसाठी मागण्या येतच असतात. बँकेकडून पैसे मिळाल्याचा निरोप आला की संकेतस्थळ तुमची मागणी पीआरएसकडे पाठवते आणि तुमचा नंबर खऱ्या अर्थाने त्या क्षणी लागतो. दोन मागण्या अगदी एकाच वेळी आल्या, तरी त्या गाडीच्या नोंदीला एका वेळी एकालाच हात लावता येतो. पहिल्याचा व्यवहार पुरा होऊन नोंद बदलली, की मगच दुसऱ्याला उरलेली जागा दिसते. त्यामुळे शेवटचा बर्थ दोघांना दिला जाणे टळते, पण ज्याचे पैसे काही सेकंदांनी उशिरा पोचले त्याच्या वाट्याला वेटिंग येते. पैसे गेले आणि तिकीटच आले नाही, असे होते तेव्हा बहुधा या दोन यंत्रणांमधील निरोप अर्ध्यावर तुटलेला असतो. पुढे दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहिल्या जातात आणि ती रक्कम परत केली जाते.

बसचे किंवा सिनेमाचे तिकीट काढताना निवडलेले आसन काही मिनिटे आपल्या नावे अडवून ठेवलेले असते, मग रेल्वेत तसे का नाही, हा रास्त प्रश्न आहे. माझ्या मते रेल्वेची पद्धत अधिक न्याय्य आहे. तत्काळचे आरक्षण वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता उघडते, आणि पहिल्या काही मिनिटांतच बहुतेक जागा संपतात. त्या वेळी प्रत्येक अर्धवट व्यवहारासाठी बर्थ अडवून ठेवला, तर पैसे न भरता नुसत्या जागा रोखून धरणाऱ्यांचे फावेल आणि खरोखर पैसे भरून बसलेल्या प्रवाशाला गाडी भरलेली दिसेल.

आरक्षण करताना ‘कन्फर्म बर्थ मिळाला तरच तिकीट काढावे’ असा एक पर्याय असतो, तो अवश्य निवडावा. शेवटच्या क्षणी जागा संपली तर तिकीट निघतच नाही आणि वेटिंग गळ्यात पडत नाही.

कोटापुराण

दुसऱ्या प्रश्नाचे मूळ कोट्यांत आहे. गाडीतील सर्व बर्थ एकाच ढिगात असतात अशी आपली समजूत असते, पण प्रत्यक्षात ते मार्गावरील स्थानकांप्रमाणे आणि प्रवाशांच्या प्रकारांप्रमाणे आधीच वाटलेले असतात. आरंभीच्या स्थानकापासून शेवटपर्यंत किंवा त्याच्या जवळपास जाणाऱ्यांसाठी सर्वांत मोठा, सर्वसाधारण कोटा असतो. वाटेतील काही महत्त्वाच्या स्थानकांना स्वतंत्र कोटा असतो. मधल्या छोट्या टप्प्यांच्या प्रवाशांसाठी एक सामायिक कोटा असतो आणि तो बहुधा फारच लहान असतो. याशिवाय महिला, ज्येष्ठ नागरिक, तत्काळ, आपत्कालीन हे कोटे वेगळे.

ही वाटणी जाचक वाटली तरी तिच्यामागे कारण आहे. मुंबईहून मडगावला जाणाऱ्या गाडीतील एखादा बर्थ रत्नागिरीपर्यंतच विकला गेला आणि पुढे तो घेणारा कोणी मिळाला नाही, तर रत्नागिरी ते मडगाव तो रिकामा धावतो, आणि मुंबईहून थेट मडगावला जाणारा प्रवासी मात्र त्याच बर्थसाठी वेटिंगवर राहिलेला असतो. प्रत्येक बर्थ म्हणजे मार्गाच्या तुकड्यांची एक साखळी असते आणि ती शक्य तितकी सलग भरावी, हाच या सगळ्या हिशेबाचा हेतू आहे.

आता तिकिटावरील अक्षरे पाहा. जीएनडब्ल्यूएल म्हणजे सर्वसाधारण कोट्याचे वेटिंग, आरएलडब्ल्यूएल म्हणजे मधल्या स्थानकाच्या कोट्याचे, पीक्यूडब्ल्यूएल म्हणजे सामायिक कोट्याचे आणि टीक्यूडब्ल्यूएल म्हणजे तत्काळचे. या रांगा वेगवेगळ्या आहेत. सर्वसाधारण कोट्यात शेकडो तिकिटे असतात, त्यामुळे रद्द होणारीही पुष्कळ असतात आणि तिथले ४० वे वेटिंग सहज पुढे सरकते. सामायिक कोट्यात मुळात मोजकेच बर्थ असल्याने ते घेणाऱ्यांपैकी फारच थोडे तिकीट रद्द करतात, आणि तिथले सहावे वेटिंग जागच्या जागी राहते.

वेटिंगपुढे दोन आकडे असतात, त्यांतही गफलत होते. ‘४५/२३’ असे लिहिले असेल तर तिकीट काढताना तुमचा क्रमांक ४५ होता आणि मधल्या काळात पुढच्यांची तिकिटे कन्फर्म किंवा रद्द झाल्यामुळे आता तो २३ वर आला आहे. शक्यता जोखताना दुसरा आकडा पाहायचा.

रत्नदुर्ग

दोघांचेही मनापासून आभार. बर्थ म्हणजे तुकड्यांची साखळी, हे यापूर्वी कधी लक्षातच आले नव्हते. एकच शंका उरते. चार्ट लागतो तेव्हा एकदम इतकी तिकिटे कन्फर्म कशी होतात?

जुनी खिडकी

चार्ट तयार होताना महिला, आपत्कालीन, तत्काळ अशा कोट्यांत न वापरलेल्या जागा मोकळ्या केल्या जातात आणि त्या आरएसी व वेटिंगच्या प्रवाशांना क्रमाने मिळतात. हे सारे एकाच फेरीत होत असल्याने आकडे एकदम उडी मारतात. आरएसीवाल्यांना तोपर्यंत बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांना बसण्यापुरती जागा दिलेली असते, आणि पूर्ण बर्थ मोकळा झाला की आधी त्यांचा हक्क लागतो. गाडी सुटण्याच्या चार तास आधी पहिला चार्ट करण्याची पूर्वीची रीत २०२५ मध्ये बदलली आणि तो आता बराच आधी होतो. त्यानंतर उरलेल्या किंवा नव्याने रद्द झालेल्या जागा दुसऱ्या चार्टपर्यंत विक्रीसाठी खुल्या असतात, म्हणून ऐन वेळी निघणाऱ्यांनी पहिल्या चार्टनंतर एकदा पाहावे. पहिल्या चार्टनंतरही पूर्णपणे वेटिंगवर राहिलेले ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होते.

‘सगळे आतून ठरलेले असते’ ही समजूत मात्र मला फार जुन्या काळातली उरलेली वाटते. १९८५ मध्ये नवी दिल्लीत संगणकीय आरक्षणाचा पहिला प्रयोग झाला, त्याआधी प्रत्येक गाडीची वही एखाद्या कारकुनाच्या टेबलावर असे आणि दुसऱ्या शहरातून परतीचे तिकीट हवे असल्यास तिकडे तार करून उत्तराची वाट पाहावी लागे. वहीत कोणाचे नाव कुठे घातले, हे रांगेतल्या माणसाला कळायला मार्गच नव्हता. संगणक आल्यावरही केंद्रे सुरुवातीला स्वतंत्र होती. १९९९ मध्ये ती एकमेकांना जोडली गेली, तेव्हा कुठे कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले, आणि २००२ मध्ये ऑनलाइन विक्री सुरू झाली. आपत्कालीन कोटा आजही अधिकाऱ्यांच्या निर्णयाने वाटला जातो, तेवढ्यापुरता त्या बोलण्यात तथ्यांश आहे. बाकी जागा कोट्याच्या आणि क्रमाच्या नियमानेच दिल्या जातात.

कोकणाच्या गाड्यांसाठी एक सुचवतो. कुडाळला किंवा सावंतवाडीला उतरायचे असले, तरी तिकीट काढण्यापूर्वी मडगावपर्यंतची उपलब्धताही पाहावी. जवळच्या स्थानकासाठी सामायिक कोट्याचे वेटिंग दिसत असताना शेवटच्या स्थानकापर्यंत सर्वसाधारण कोट्यात जागा शिल्लक असू शकते. भाडे थोडे जास्त पडते, पण आधीच्या स्थानकावर उतरण्यास काही आडकाठी नाही.