पेन टॅब्लेटवर हात बसत नाही: सेटिंगचा घोळ की सरावाचा?

खारघरचा_खडू
इंटरमिजिएटच्या परीक्षेनंतर चित्रकला सुटली ती सुटलीच. आता बिनस्क्रीनचा पेन टॅब्लेट घेतलाय, कामाचा भाग १० बाय ६.२५ इंच. लॅपटॉप विंडोजचा, स्क्रीन १९२० बाय १०८०, रॅम ८ जीबी, सॉफ्टवेअर क्रिटा. तक्रारी तीन: गोल काढला की आडवा पसरतो, पेन कितीही दाबलं तरी रेघेची जाडी तीच, आणि लांब रेघ थरथरते. हात गेलाय की सेटिंग चुकलंय? का सरळ आयपॅड घेऊ?

कोपरीचा_कुंचला
पहिल्या दोन तक्रारींत हाताचा काही दोष नाही.

गोलाचं गणित बघा. आडवे १९२० पिक्सेल १० इंचांत, म्हणजे इंचाला १९२. उभे १०८० पिक्सेल ६.२५ इंचांत, म्हणजे इंचाला जेमतेम १७३. तेवढीच आडवी रेघ ११ टक्के लांब उमटणार, मग गोलाचा लंबगोल होणारच. टॅब्लेटच्या ड्रायव्हरमध्ये (टॅब्लेट चालवणारं सॉफ्टवेअर) कामाच्या भागाची उंची ५.६३ इंच करा, किंवा स्क्रीनचं प्रमाण राखायचा पर्याय असेल तर तो निवडा. खालची अर्ध्या इंचाहून थोडी जास्त पट्टी वाया जाते, जाऊ द्या. दुसरा मॉनिटर जोडला असेल तर टॅब्लेट एकाच स्क्रीनला नेमून द्या.

दाबाचं: क्रिटात सेटिंग्ज, कॉन्फिगर क्रिटा, टॅब्लेट सेटिंग्ज. तिथे विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय दिसतील, पेनाचा दाब क्रिटापर्यंत पोचवायच्या या दोन पद्धती. ड्रायव्हरमध्ये विंडोज इंक चालू असेल तर इथेही तेच हवं, बंद असेल तर विनटॅब. दोघांचं जुळलं नाही की पेन नुसतं माउससारखं वागतं. बदल केल्यावर क्रिटा बंद करून पुन्हा उघडा आणि तिथल्याच टेस्टरमध्ये रेघ ओढा. दाबाचा आकडा हलतोय पण जाडी बदलत नाही, असं झालं तर ब्रश बदला. काही ब्रशमध्ये दाबाने फक्त रंगाचा गडदपणा बदलतो. आकडाच हलत नसेल तर जुन्या टॅब्लेटचा ड्रायव्हर मागे राहिलाय का ते पाहा. दोन ड्रायव्हर एका लॅपटॉपवर सुखाने नांदत नाहीत.

एचबी_टूबी
थरथर मात्र हाताची, आणि थोडी मांडणीची. वहीच्या सवयीने लोक टॅब्लेट तिरका ठेवतात. पण स्क्रीन सरळ असते, त्यामुळे उभी रेघ कलते आणि हात मध्येच सावरायला जातो. टॅब्लेटच्या कडा स्क्रीनला समांतर ठेवा.

दुसरं, झूम. ४०० टक्क्यांवर लांब वळण काढाल तर ते तुकड्यातुकड्यांनीच होणार. कीबोर्डवर २ दाबलं की पूर्ण पान दिसतं. लांब रेघा तेव्हाच काढायच्या, मनगट न टेकता कोपरातून. दोन ठिपके द्या, पेन वरच्या वर हवेत दोनदा फिरवा आणि मग एका दमात ओढा. नजर पेनाच्या टोकावर नको, दुसऱ्या ठिपक्यावर हवी. रोज असं एक पान भरलं तरी पुरे.

फ्रीहँड ब्रशच्या टूल ऑप्शन्समध्ये स्मूदिंग (रेघेची थरथर आपोआप कमी करणारी सोय) आहे, त्यात वेटेड निवडून अंतर कमी ठेवा. फार वाढवलं तर रेघ पेनामागे रेंगाळते आणि कोपरे गोलावतात. मानेच्या लांब वळणाला ते चालतं, शेडिंगच्या आडव्यातिडव्या रेघांचा मात्र जीव जातो.

आपल्याकडच्या दमट हवेत तळहात चिकटतो, त्यासाठी दोन बोटांचा हातमोजा घ्या. बिनस्क्रीनच्या टॅब्लेटला हाताचा स्पर्श सहसा कळतच नाही, मोजा फक्त घसरण्यासाठी. निब (पेनाचं टोक) तिरकी झिजून धार आली की लगेच बदला, नाहीतर पृष्ठभागावर ओरखडे पडतात.

ऐरोली_खाडीकाठ
आयपॅड इतक्यात नको. वरचं सगळं जमल्यावरही स्क्रीनवरच काढावंसं वाटलं तर बघा. मजा जाते ती बहुतेक वेळा अन्डू आणि शेकडो ब्रशच्या नादात. महिनाभर एक ब्रश, एक थर (लेयर), अन्डू नाही. चुकलेली रेघ तशीच ठेवून तिच्या शेजारी बरोबर रेघ काढा, स्मरणचित्राच्या पेपरात तरी दुसरं काय करत होतो?

आणि कागद सोडू नका. नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर फ्लेमिंगो असतात तेव्हा खिशातली वही न्या, पेन्सिलीने नुसते बाह्याकार घ्या. पायात मध्ये उलटा वाकलेला दिसतो तो घोटा, गुडघा वर पिसांत लपलेला असतो. हे एकदा ध्यानात आलं की पाय जागेवर येतात. लहान आणि मोठा फ्लेमिंगो या दोन वेगळ्या जाती: लहान फ्लेमिंगोची चोच जवळजवळ सगळी गडद, मोठ्याची फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. घरी खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, वहीतल्या चित्राचा बरोबर वरून फोटो काढा. क्रिटात उघडून कंट्रोल-एलने लेव्हल्स आणा आणि कागदाचा करडेपणा जाईपर्यंत उजवी खूण आत सरकवा. त्या थराचा मोड मल्टिप्लाय करा (पांढऱ्या भागातून खालचा रंग दिसतो) आणि रंग खालच्या थरावर भरा (इथे दुसरा थर माफ). पेन्सिलीची रेघ तशीच राहते. गुलाबी मात्र दुकानातल्या रिबिनीसारखा भडक घेऊ नका, करड्याकडे झुकणारा घ्या. भडक रंग फक्त पंखांच्या कडेला.

खारघरचा_खडू
गोल गोल झाला! विनटॅब निवडल्यावर दाबही येतोय. पान केवढं घेऊ? नंतर छापायचं झालं तर?

कोपरीचा_कुंचला
ए-फोर, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. एक पूर्ण भरलेला थर साधारण ३५ एमबी खातो, ८ जीबीत १५-२० थर आरामात चालतात. मूळ फाइल केआरए (क्रिटाचा स्वतःचा फाइल प्रकार, थर वेगळे राहतात) म्हणूनच सेव्ह करा, पाठवायला पीएनजी वेगळी काढा. पीएनजीत सगळे थर एकत्र होतात, मग पेन्सिल आणि रंग वेगळे करता येत नाहीत.