सुट्टीच्या दिवशी शेंगापोळी करायचीय पण फुटते, काय करू?

सोलापूरची_आई: मंगळवारी सुट्टी टाकलीय, पोरं शाळेत, हे कामावर, म्हणजे अख्खी दुपार माझी एकटीची. वाचनालयातली कादंबरी कधीची तशीच पडलीय. सोबत शेंगापोळी हवीच, पण माझी लाटताना फुटते आणि गूळ तव्यावर जळतो, काय चुकतंय?

जुळे_सोलापूर: गुळाचा खडा राहत असेल ताई, तोच फाडतो. गूळ किसून शेंगदाण्याच्या कुटात चांगला मळा, कणीक नि सारण सारखंच मऊ पाहिजे, आणि गॅस बारीक.

बाळीवेसकर: आदल्या रात्रीच करून ठेवा हो, 4-5 दिवस आरामात टिकते. माझी मागची सुट्टी ओट्याशीच गेली, पुस्तकाचं 1 पान झालं आणि त्यावर पण तुपाचा डाग.

सोलापूरची_आई: हाहा, मग रात्रीच करते. शाळेचा ग्रुप पण म्यूट.