रताळ्याच्या वेलावर सोनेरी भुंगेरे, फवारणी करू का?

प्रश्न (मालवण)
परसातल्या रताळ्याच्या पानांची चाळण झालीय. पानाला कासवासारखे चिकटलेले किडे आहेत: एक मोठा, पिवळसर, अंगभर काळे ठिपके, दुसरा मसुरीएवढा, सोन्याचा मुलामा दिल्यासारखा. अळ्या काटेरी, शेपटीवर कचरा. डबीतला सोनेरी किडा मेल्यावर तपकिरी झाला. हे कोण? औषध मारायचं का?

उत्तर १
दोन्ही कासव भुंगेरेच. ठिपकेवाला आस्पिडिमोर्फा मिलियारिस, फॅब्रिशियसने १७७५ साली नोंदवलेला. लहानाच्या पाठीवर काळं कडं असेल तर तो कॅसिडा सर्कमडाटा. रताळं, नाळीची भाजी, बेशरम, पुळणीवरची मर्यादवेल, अशा एकाच गोतातल्या झाडावेलींवर हे जगतात.

तो कचरा म्हणजे अळीची ढाल. शेपटीला दुबेळकं असतं, टाकलेली कात त्यावरच अडकून राहते. काही जातींत विष्ठाही. मुंगी जवळ आली की अळी ती ढाल तिच्या अंगावर उगारते. भिंगातून काती मोजा: एक म्हणजे अळीची दुसरी अवस्था, चार म्हणजे पाचवी, शेवटची. मग पानालाच चिकटून कोष. इतकं देखणं गणित परसात बघायला मिळतं, जरूर बघा.

उत्तर २
सोनेरी झाक रंगद्रव्याची नव्हे. कवचाच्या पातळ थरांत ओल असते तोवरच उजेड तसा परततो. किडा वाळला की झाक जाते. टाचणीला टोचून जपलेल्या किड्यात ती टिकत नाही, फोटो जिवंतपणीच काढा.

अळ्या वाढवायच्या तर डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवा आणि तोंडाशी कापूस गच्च बसवा, नाहीतर अळ्या आत बुडतात. वरून मलमल. घट्ट झाकणाने आत घाम धरतो, बुरशी येते. पानं रोज बदला.

उत्तर ३
ताई, रासायनिक फवारा नको. या भुंगेऱ्यांच्या अंड्यांवर वाढणाऱ्या बारीक परजीवी माश्या त्यानेच आधी मरतात. वेल जोमात असेल तर पुन्हा फुटतो. कोवळी लागवड असेल तरच पानं जपा: अंड्यांच्या कागदी पापुद्र्यासारख्या वड्या आणि अळ्यांचे घोळके पानासकट खुडा. तरी आवरलं नाही तर ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालून मारा. उन्हात मारलं तर गुण लवकर जातो.

लक्ष खरं सोंड्या भुंग्याकडे हवं. तो भेगांतून कंदापर्यंत पोचतो, अळ्या कंद पोखरतात, उरलेलाही कडू होतो. भेगा दिसल्या की मातीची भर द्या.

प्रश्नकर्ती
काळं कडं आहे. एका अळीवर चार काती मोजल्या. तेवढं पान ठेवते, बाकीच्या वड्या खुडते.