मदत हवी आहे: काकांच्या स्क्रीन प्रिंटिंगच्या गाळ्यात बायक्रोमेटची बरणी निघाली, तिचं काय करावं?

खेतवाडीकरीण
नमस्कार मंडळी. खेतवाडीत आमच्या काकांचा स्क्रीन प्रिंटिंगचा गाळा आहे. लग्नपत्रिका, पिशव्या, मंडळांची निमंत्रणं असं काम चालायचं. आता इमारत रीडेव्हलपमेंटला गेली, गाळा रिकामा करून द्यायचाय. माळ्यावर शाईच्या आणि थिनरच्या डब्यांमागे तपकिरी काचेची बरणी निघाली. आत नारिंगी-लाल खडे, झाकणाच्या आट्यांतही तीच पूड अडकलेली. लेबलवर पोटॅशियम डायक्रोमेट, ५०० ग्रॅम, खाली कवटीचं चित्र. निम्म्याहून जास्त भरलेली आहे.

काका म्हणतात, "बायक्रोमेट आहे ते. पाण्यात विरघळव आणि दे मोरीत सोडून." माझा काही हात धजत नाही. मोरीत ओतलं तर काय होईल? नाही ओतायचं तर द्यायचं कोणाला? आणि एक. काकांच्या बोटांना बाराही महिने भेगा असतात, खाज सुटते. काम बंद केलं तरी ते काही गेलं नाही. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

परीक्षानळी
ताई, हात धजला नाही ते उत्तम झालं. यातलं क्रोमियम सहा संयुजेचं, म्हणजे हेक्झाव्हॅलंट आहे, आणि सगळं विष त्यातच आहे. पूड श्वासातून जात राहिली तर नाकाच्या पडद्याला भोक पडतं. क्रोमेटच्या आणि क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यांतल्या कामगारांत फुप्फुसाचा कर्करोग दिसला, म्हणून आयएआरसीने, म्हणजे कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, ही संयुगं पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्यांत टाकली आहेत. हाताला चीर असेल तर तिथे खोल, लवकर न भरणारी जखम होते. पोटात काही ग्रॅम गेले तरी जिवावर बेततं.

मोरीचं गणित सांगतो. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची भारतीय मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. डायक्रोमेटच्या वजनात ३५ टक्के क्रोमियम असतं. म्हणजे एक ग्रॅम खडा सुमारे ७,००० लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेतो. बरणीचा हिशोब तुम्हीच करा.

आधी तिला थिनरपासून लांब ठेवा. ज्वालाग्राही नसलं तरी हे जबर ऑक्सिडायझर आहे, म्हणजे शेजारच्या वस्तूची आग भडकवतं; थिनर, स्पिरिट, रॉकेल, चिंध्या, कागदाचे गठ्ठे यांच्या शेजारी नको. नायट्राइलचे हातमोजे, एन-९५ मास्क घाला, पंखा बंद करा. आटे ओल्या टिश्यूने पुसा. झाडू अजिबात नको, पूड उडते. टिश्यू ओला असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, कारण डायक्रोमेट शोषलेला कागद वाळला की पटकन पेट घेतो. मग बरणी जाड पिशवीत आणि ती झाकणाच्या बादलीत.

स्क्वीजीवाला
काकांना दोष देऊ नका, आमच्या पिढीत सगळे असंच करायचे. जिलेटिन नाहीतर पीव्हीए (पाण्यात विरघळणारं प्लॅस्टिक) घ्यायचं, त्यात बायक्रोमेटचं पाणी घालायचं, अंधारात फ्रेमला कोटिंग करायचं. वर पॉझिटिव्ह, म्हणजे काळ्या चित्राची पारदर्शक फिल्म ठेवून उन्हात धरलं की ऊन लागलेला भाग कडक व्हायचा, बाकीचा पाण्याने सुटून यायचा. ते पिवळंधमक पाणी थेट मोरीत. हातमोजे कोण घालतंय? नखं पिवळी दिसली की माणूस प्रिंटिंगवाला, हे लांबून कळायचं. पुढे बायक्रोमेट न लागणारं डायझो इमल्शन आलं आणि आम्ही सुटलो. आता आमच्यातलं कोणी ही बरणी घेईलसं वाटत नाही.

रविवारचा_प्रयोग
एवढं कशाला घाबरायचं? सोडियम मेटाबायसल्फाइट घाला, नारिंगीचं हिरवं होतं, विष संपलं.

परीक्षानळी
कागदावर बरोबर आहे. हिरवं झालं म्हणजे क्रोमियम तीन संयुजेचं झालं, ते पुष्कळ कमी विषारी. पण त्यासाठी द्रावण चांगलं आम्लधर्मी करावं लागतं आणि तेव्हा सल्फर डायऑक्साइड हा विषारी वायू सुटतो. खेतवाडीच्या बंद गाळ्यात तो कोण हुंगणार? नंतर अल्कली घालून क्रोमियम हायड्रॉक्साइडचा गाळ खाली बसवायचा, म्हणजे बरणीऐवजी हातात बादलीभर चिखल. प्रयोगशाळेत फ्लास्कच्या तळाशी उरलेल्यासाठी ही रीत ठीक, पाव-अर्ध्या किलोसाठी घरी नाही.

ताई, हे रसायन हवेतली ओल शोषत नाही. मुंबईचे इतके पावसाळे काढूनही तुमचे खडे सुटे राहिलेत ते त्यामुळेच. माल बहुधा अजून वापरण्याजोगा आहे. लोहाच्या टायट्रेशनला, म्हणजे द्रावणात लोह किती ते मोजायला, कॉलेजात हेच लागतं. ओळखीच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागप्रमुखांना लेबलचा फोटो पाठवून विचारा. न विचारता बरणी घेऊन लोकलमध्ये चढू नका. ते नाही म्हणाले तर सायनला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी विचारा. घातक कचऱ्याचं केंद्र तळोज्याला आहे, पण तिथला कारभार कारखान्यांशी करार करून चालतो. एक बरणी घेऊन गेलेल्याला बहुधा गेटवरूनच परत यावं लागेल. भंगारवाल्याला मात्र चुकूनही देऊ नका, तो खडे रस्त्यावर ओतून बरणी नेईल.

कातडीबचाव
मी त्वचारोगाचा डॉक्टर आहे. न तपासता निदान करणार नाही, पण काकांच्या बोटांचं वर्णन क्रोमियमच्या ॲलर्जीशी जुळतं. ही ॲलर्जी एकदा जडली की बहुतेकांची सुटत नाही, मग काम बंद करा नाहीतर गाव बदला. गवंड्यांना सिमेंटमुळे होते तीही हीच, कारण सिमेंटमध्ये क्रोमियमचा अंश असतो. पॅच टेस्ट करून घ्या. गंमत अशी की तिच्यात हेच पोटॅशियम डायक्रोमेट वापरतात, व्हॅसलिनमध्ये ०.५ टक्के, पाठीवर पट्टीखाली दोन दिवस. काका पायात काय घालतात?

खेतवाडीकरीण
चामड्याच्या चपला! आणि पावसाळ्यात पावलांवर पट्ट्यांच्या जागी पुरळ उठतं. आम्ही त्याला चिखल्या समजत होतो.

कातडीबचाव
चिखल्या बोटांच्या बेचक्यात होतात. पट्ट्यांच्या जागी उठतं म्हणजे चपलेवर संशय घ्यायला हवा. बरंचसं चामडं क्रोमियमने कमावतात आणि ते भिजलं की क्रोमियम सुटतं. तूर्त रबरी किंवा प्लॅस्टिकच्या चपला द्या, अपॉइंटमेंटला जुनी चप्पलही घेऊन जा.

परीक्षानळी
एक राहिलं. बरणी असेपर्यंत गाळ्यात लहान मुलं नकोत. कोणाच्या पोटात गेलंच तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका, लेबलचा फोटो घेऊन थेट कॅज्युअल्टी गाठा. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर चोवीस तास असतं.

खेतवाडीकरीण
सगळ्यांचे आभार. बरणी बादलीत गेली, थिनर दुसऱ्या खोलीत. चुलत बहिणीच्या कॉलेजला फोटो पाठवलाय, उत्तर आलं की इथे लिहिते. माळ्याच्या फळीवर नारिंगी डाग आहेत आणि ती फळी सुतार मागतोय. द्यावी का?

परीक्षानळी
नको. रंधा मारला की पूड त्याच्याच नाकात जाईल. फळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बरणीसोबतच ठेवा.