मदत हवी आहे: गिअर बदलताना गाडी हिसके देते

नवी_चाकं
पहिलीच मोटरसायकल आहे, नवीकोरी. गिअर बदलला की हिसका बसतो, मागे कोणी असेल तर माझ्यावर आपटतं. क्लच पूर्ण दाबते, गिअर टाकते, क्लच हळू सोडते. सांगतात तस्संच करतेय, तरी तेच. सोमवारपासून रोज हीच गाडी न्यायची आहे. कृपया लवकर सांगा, आणि "सरावाने येईल" एवढंच लिहू नका.

रानवाट
कोणता गिअर? चढवताना की उतरवताना? गाडी किती सीसीची? यातलं काहीच लिहिलेलं नाही, तर उत्तर कशाचं द्यायचं?

जुना_रायडर
गाडी कुठलीही असो, गोम मुठीत असते. रेस बंद होणं आणि क्लच दाबणं एकाच क्षणी व्हायला हवं. नवीन माणूस आधी रेस सोडतो आणि मग क्लचकडे वळतो. तेवढ्यात इंजिन गाडीला मागे खेचतं, हा पहिला हिसका. मग रेस न देताच क्लच सोडतो, हा दुसरा. वरचा गिअर टाकण्याआधीच पायाने लिव्हरवर हलका दाब ठेवा, क्लच दाबताक्षणी गिअर पडतो. मी तर दुसऱ्या गिअरच्या पुढे क्लच वापरतच नाही.

सावलीतली_वाट
शेवटचं वाक्य नव्या माणसासाठी नको हो! रेस नीट सुटली नाही तर गिअरबॉक्समधल्या डॉग्जच्या (गिअर एकमेकांत अडकवणाऱ्या दातांच्या) कडा झिजतात.

जुना_रायडर
नीट सुटली तर त्यांच्यावर भारच नसतो. मी काय करतो ते सांगितलं, तुम्ही करा म्हटलं नाही.

तेलपाणी
ऑइल कोणतं आहे? बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं ऑइल ओतलं की वाट लागते. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलंय का बघा.

रानवाट
चुकीच्या ऑइलने क्लच घसरेल, हिसका कसा देईल? आणि त्या नवीकोरी गाडी म्हणतायत.

निवांत७
एवढा त्रास कशाला? ऑटोमॅटिक स्कूटर घ्या. माझ्या बहिणीने घेतली, क्लचही नाही आणि गिअरही नाहीत.

नवी_चाकं
स्कूटर नको आहे, विचारलीही नाही.
१५० सीसी, पाच गिअर, पहिला खाली आणि बाकीचे वर. चढवताना थोडा हिसका, उतरवताना जोरात. वळणाआधी दुसऱ्यातून पहिला टाकला की मागचं चाक घसरल्यासारखं होतं. आणि क्लच लिव्हर जवळजवळ पूर्ण बाहेर आल्यावरच पकडतो, पण तसा सगळ्यांचाच असतो ना?

रानवाट
नाही! हेच आधी हवं होतं. लिव्हर टोकाशी धरून हलवून बघा. बहुतेक गाड्यांना १० ते २० मिमी मोकळी हालचाल लागते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. ढिल अजिबात नसेल तर केबल ताणलेली आहे. मग क्लच अगदी शेवटी पकडतो, कधी पूर्ण पकडतच नाही आणि प्लेटा घासत राहतात. लिव्हरपाशी अ‍ॅडजस्टर आहे, त्याची लॉक रिंग सैल करून तो आत फिरवला की ढिल वाढते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही तपासा. हात लागलाच आहे तर चेनची ढिलाईही बघा. चेन फार सैल असेल तर रेस दिली-सोडली की धक्का लागतोच.

सावलीतली_वाट
केबल नीट झाली तरी वळणाआधीचा पहिला गिअर सोडाच. पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर सहसा सगळ्यात मोठं असतं. दुसऱ्यात इंजिन ३००० आरपीएमला फिरत असेल, तर त्याच वेगाला पहिल्यात साधारण ४५०० लागतात. क्लच सोडलात की इंजिनला तिथवर ओढायचं काम मागच्या चाकावर पडतं. ओल्या रस्त्यावर, गाडी कललेली असताना ते चाक सुटू शकतं, याची मला खरंच काळजी वाटते. गाडी थांबायला येईपर्यंत दुसऱ्यातच राहा. बाकीचे गिअर उतरवताना क्लच दाबलेला असतानाच रेसला छोटा झटका द्या, इंजिन वर आलं की क्लच सोडा.

तेलपाणी
ऑइलचं उत्तर राहिलं.

नवी_चाकं
ऑइल मॅन्युअलमध्ये आहे तेच, एमए२. ढिल खरंच शून्य होती, ती वाढवली. क्लच आता मध्यावर पकडतो आणि चढवताना हिसका जवळजवळ गेला! उतरवताना मात्र अडतंय. उजव्या हाताने ब्रेक दाबलेला असतो, मग त्याच हाताने रेस कशी देणार?

जुना_रायडर
ब्रेकवर दोनच बोटं, उरलेली बोटं आणि अंगठा मुठीवर. बोटं जागची न हलवता तळव्याने मूठ किंचित फिरवायची. आधी गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये ब्रेक दाबून धरा आणि रेस वर-खाली करा. ब्रेकचा दाब न हलता जमायला लागलं की मोकळ्या जागी तिसऱ्यातून दुसरा टाकून बघा. तोवर रस्त्यावर आधी ब्रेकने वेग उतरवा, मग गिअर पाडा आणि क्लच पकडतो त्या जागेवरून सावकाश सोडा.

नवी_चाकं
उतरवताना सावकाश, चढवताना झटपट?

जुना_रायडर
बरोबर.